न ठरलेले घर : चौकोनी बारकोडचा एक आतला इतिहास

आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात काही पुस्तकांचे शेवटचे पान उलटून आतला पुठ्ठा नखाने हलकेच खरवडला, तर एकावर एक चिकटवलेली तीन लेबले निघतात. तिन्ही माझ्या हातची आहेत. तिन्हींवर तोच ठिपक्याठिपक्यांचा चौकोन आहे, जो आज भाजीच्या गाडीपासून देवळाच्या दानपेटीपर्यंत सगळीकडे दिसतो. वरचे लेबल चालते, खालची दोन चालत नाहीत. ती का चालली नाहीत, हे शोधताना मला एका इतिहासाचा धागा सापडला. तो इतिहास मोबाइलचा नाही आणि पैशांच्या देवघेवीचाही नाही. चौकोनातले एकेक घर संगणकाच्या स्मृतीत कसे लिहून ठेवायचे, याचा तो इतिहास आहे.

मी मूळचा जुळारी. १९८७ साली दहावी झाल्यावर छापखान्यात खिळे जुळवायला लागलो. पुढे ऑफसेट आले, डीटीपी आले, खिळ्यांच्या केसेस भंगारात वजनावर गेल्या. संगणक शिकलो तो पोटासाठी. प्रोग्राम वाचायला शिकलो तो मात्र हौसेने, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, इंग्रजी शब्दकोश शेजारी ठेवून. छापलेल्या कागदावर रेघा मारल्याशिवाय मला काही समजत नाही, म्हणून प्रोग्रामही छापून घेतो आणि पोथीसारखे वाचतो.

तीन वर्षांपूर्वी वाचनालयाच्या ग्रंथपाल ताई म्हणाल्या, "भाऊ, पुस्तकांना ते चौकोन लावून द्या की. देवघेवीची वही लिहून हात दुखतो." मी हो म्हणालो. चौकोनात नुसता क्रमांक नको, पुस्तकाचे नावच असावे, तेही मराठीत, असा माझा हट्ट होता. पहिली तीनशे लेबले छापली. माझ्या फोनने ती झरझर वाचली. टेबलावरच्या हातात धरायच्या स्कॅनरने मात्र हूं की चूं केले नाही. चूक सापडल्यावर दुसरी तीनशे छापली. आता स्कॅनर वाजला, पण पडद्यावर 'ज्ञानेश्वरी'च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', त्याच्या शेजारी चार कोपऱ्यांना किरण फुटलेले वर्तुळ, मग आणखी काहीतरी, मग पुन्हा तोच 'ए', अशी माळ उमटली. ताई म्हणाल्या, "हे काय हो? मंत्र आहे का?"

इथे एका शब्दाचा खुलासा करायला हवा. प्रोग्राम लिहिणारे 'लायब्ररी' म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात वाचनालय नसते. कुणीतरी एकदा लिहून ठेवलेला आणि इतरांनी आपापल्या कामात आयता वापरायचा असा प्रोग्रामांचा संच म्हणजे त्यांची लायब्ररी. चौकोन काढून देणाऱ्या अशा लायब्रऱ्या डझनावारी आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच फुकट मिळतात. मी त्यांतलीच एक वापरली होती. आमच्या वाचनालयातली चूक शोधायला मला त्या दुसऱ्या लायब्ररीत शिरावे लागले.

आधी चौकोन कुठून आला ते पाहू. पट्ट्यांच्या बारकोडची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. नॉर्मन जोसेफ वुडलँड यांनी मायामीच्या समुद्रकिनारी वाळूत बोटे ओढली, मोर्सच्या ठिपक्यांना आणि रेघांना खाली ताणून त्यांच्या पट्ट्या केल्या. त्यांना आणि बर्नार्ड सिल्व्हर यांना १९५२ साली पेटंट मिळाले. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावच्या दुकानात च्युइंगगमचे पाकीट पहिल्यांदा गल्ल्यावर बारकोडने वाचले गेले. पट्ट्यांचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवावे. त्यांत माहिती फक्त आडवी असते. उंची ही नुसती सोय, हात थोडा वरखाली झाला तरी चालावे म्हणून.

जपानमधल्या आइची प्रांतात वाहनांचे सुटे भाग करणारी डेन्सो ही टोयोटाच्या परिवारातली कंपनी आहे. तिथे कोणता भाग किती लागेल हे 'कानबान' नावाच्या चिठ्ठ्यांवर चाले आणि त्या चिठ्ठ्यांवर बारकोड असे. एका बारकोडमध्ये जेमतेम वीसेक अक्षरे मावत. म्हणून एका खोक्यावर अनेक बारकोड चिकटवावे लागत आणि कामगार दिवसाकाठी शेकड्यांनी ते वाचत बसत. मासाहिरो हारा या अभियंत्याकडे ही तक्रार आली. मदतीला एकच सहकारी. अमेरिकेत तोवर डेटा मॅट्रिक्ससारखे चौकोनी कोड निघाले होते, पण त्यांचा भर जास्त माहिती मावण्यावर होता. हारांना वेग हवा होता आणि जपानी लिपीही हवी होती. दुपारच्या सुटीत ते 'गो' खेळत. त्या पटावरच्या काळ्यापांढऱ्या सोंगट्या पाहून आडवी-उभी अशा दोन्ही दिशांनी माहिती भरायची कल्पना सुचली, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे.

वेगाचा प्रश्न त्यांनी फार सुंदर सोडवला. यंत्राला चौकोन कुठे आहे तेच पटकन दिसत नाही, ही खरी अडचण होती. म्हणून तीन कोपऱ्यांत तीन 'डोळे' बसवले. पण डोळ्यासारखी आकृती आजूबाजूच्या छपाईतही असली, तर यंत्र फसणार. मग या मंडळींनी पत्रके, मासिके, पुठ्ठ्याची खोकी असे हाती लागेल ते छापील साहित्य जमवले आणि त्यातल्या काळ्यापांढऱ्या भागांच्या रुंदीची प्रमाणे मोजत बसले. छापील कागदावर सर्वांत क्वचित आढळणारे प्रमाण निघाले १ : १ : ३ : १ : १. डोळ्याच्या मध्यातून कोणत्याही दिशेने रेघ ओढा, काळे, पांढरे, जाड काळे, पांढरे, काळे याच प्रमाणात येते. आयुष्यभर छापील कागदाकडे पाहिलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून हेवा वाटला. छपाईत काय असते हे सगळ्यांनी पाहिले. काय नसते हे या माणसाने मोजले.

दीड वर्षाच्या खटपटीनंतर १९९४ साली क्यूआर कोड जाहीर झाला. कंपनीने पेटंट घेतले, पण त्याचा हक्क न बजावता कोड सर्वांना वापरू दिला. १९९९ साली तो जपानचे मानक झाला आणि २००० साली आयएसओ/आयईसी १८००४ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक.

गोच्या पटाकडे पुन्हा वळतो, कारण माझ्या गोष्टीची गाठ तिथे आहे. गोच्या पटावर १९ आडव्या आणि १९ उभ्या रेघा असतात, म्हणजे ३६१ छेदबिंदू. प्रत्येक बिंदूवर काळी सोंगटी असते, पांढरी असते किंवा काहीच नसते. अवस्था तीन. क्यूआरच्या चौकोनात मात्र घर काळे किंवा पांढरे, तिसरे काही नाही. छापून हातात आलेल्या चौकोनात 'रिकामे' घर असूच शकत नाही. पण चौकोन तयार होत असताना?

हे समजायला मी गणिताच्या चौकटीच्या वहीवर सर्वांत लहान क्यूआर हाताने काढला. तो २१ × २१ घरांचा असतो, एकूण ४४१ घरे. आपला मजकूर ४४१ घरांत बसणार या भ्रमात मी होतो. तीन डोळे आणि त्यांच्याभोवतीचा पांढरा काठ मिळून १९२ घरे गेली. डोळ्यांना जोडणारी, एकाआड एक काळीपांढरी मोजपट्टी आडवी आणि उभी असते, तिची १० गेली. कोडचा प्रकार सांगणारी माहिती दोनदा लिहावी लागते, तिची ३० गेली. डाव्या खालच्या डोळ्याशेजारचे एक घर काही झाले तरी काळेच असते, ते १. उरली २०८. त्यांतही नुसता मजकूर नसतो. फाटले, डागाळले तरी वाचता यावे म्हणून जादा बेरजा भराव्या लागतात. अर्धी-अधिक जागा चौकोन स्वतःच खातो, आपल्याला उरते ती चिंधी.

आता मजकुराचे बिट भरायचे. उजव्या खालच्या कोपऱ्यातून सुरुवात, दोन-दोन रकाने धरून वर जायचे, माथ्याला टेकले की डावीकडे सरकून खाली यायचे. वाटेत डोळा आला, मोजपट्टी आली की ती घरे ओलांडायची. माणसाला हे दिसते, प्रोग्रामला दिसत नाही. समोरचे घर पांढरे आहे ते अजून भरायचे म्हणून, की डोळ्याच्या पांढऱ्या काठातले म्हणून? दोन्ही पांढरीच. जुळाऱ्याला हा पेच पडत नसे. शब्दांमधली मोकळी जागासुद्धा आम्ही शिशाचा बुटका क्वाड घालून भरायचो. स्टिकवर बोट फिरवले की जाणूनबुजून सोडलेली जागा आणि अजून न भरलेली जागा यांतला फरक बोटालाच कळायचा. प्रोग्रामला बोट नाही. म्हणून लायब्ररी लिहिणाऱ्या प्रत्येकाला 'न ठरलेले घर' ही तिसरी अवस्था कुठेतरी लिहून ठेवावी लागली. हारांनी गोचा पट घेताना जी अवस्था गाळली, ती लायब्रऱ्यांच्या पोटात परत आली. ती कोणी कशी लिहिली, यात मला त्या त्या माणसाचा स्वभाव आणि त्याचा काळ दिसतो.

केंतारो फुकुची यांची सी भाषेतली 'लिब-क्यूआर-एनकोड' २००६ पासूनची. तिच्यात प्रत्येक घराला एक अख्खा बाइट, म्हणजे आठ बिट दिलेले आहेत. काळे की पांढरे हे सांगायला एक बिट पुरतो, मग बाकीचे सात कशाला? त्यांत घराची कुळकथा लिहिली आहे. हे घर मजकुराचे की दुरुस्तीच्या बेरजेचे, प्रकार सांगणाऱ्या माहितीतले का, आवृत्तीच्या माहितीतले का, मोजपट्टीतले का, जुळणीखुणेतले का, डोळ्यातले का. आणि सर्वांत वरचा बिट सांगतो, की हे घर मजकुराचे नाही, याला हात लावू नका. एका घराला आठ प्रश्न विचारणारा हा माणूस मला जमीनमोजणीच्या कारकुनासारखा वाटतो. सातबाऱ्यावर जमीन कुणाची एवढेच असून भागत नाही, ती आली कुठून हेही लागते.

दुसरी लायब्ररी झेडएक्सिंग. नाव 'झेब्रा क्रॉसिंग'चे लघुरूप, म्हणजे पट्ट्यांवरची कोटी. गूगलमध्ये २००७ च्या सुमारास सुरू झाली, शॉन ओवेन हे तिचे प्रमुख लेखक. त्या वेळचे साधे, बटणांचे फोन तिला डोळ्यांपुढे ठेवावे लागत होते. तिचा चौकोन रचणारा भाग मुळात सातोरू ताकाबायाशी यांनी सी प्लस प्लस भाषेत लिहिलेला, आणि डॅनियल स्विटकिन यांनी तो जावा भाषेत आणला. हे मला कसे कळले? पोथीच्या शेवटी लेखनिक जशी पुष्पिका लिहितो, कोणी, कधी, कशावरून उतरवले, तशी पुष्पिका प्रोग्रामाच्या माथ्यावर असते. आणि समासातली टीपही आहे. 'बाइटमॅट्रिक्स' नावाच्या पानावर भाषांतरकाराने नोंदवले आहे, की मूळ प्रतीत प्रत्येक घराला एक पूर्ण अंकाची जागा दिली होती, पण घरात उणे एक, शून्य आणि एक याखेरीज काही ठेवलेच जात नाही, तेव्हा कमी स्मृतीत भागावे म्हणून मी बाइट वापरतो.

उणे एक! तेच न ठरलेले घर. सुरुवातीला सगळा चौकोन उणे एकने भरायचा. मग डोळे, मोजपट्टी वगैरे ठरलेली घरे शून्य-एकने लिहायची. मग मजकूर वळत वळत न्यायचा आणि जिथे उणे एक दिसेल तिथेच टाकायचा. काम संपल्यावर एकही उणे एक उरता कामा नये. या टिपेतली काटकसर किती होती? सर्वांत मोठा क्यूआर १७७ × १७७ घरांचा, म्हणजे ३१,३२९ घरे. पूर्ण अंकाला चार बाइट लागतात, म्हणजे १,२५,३१६ बाइट. बाइट वापरल्यावर ३१,३२९. आज हे आकडे हसण्यावारी जातील, पण त्या काळच्या साध्या फोनात असली काटकसर नगण्य नव्हती.

काझुहिको आरासे यांच्या लायब्ररीत तिसरी पद्धत आहे. तिच्यात घर काळे असेल तर 'खरे', पांढरे असेल तर 'खोटे' आणि ठरले नसेल तर 'नल', म्हणजे काहीच नाही. पायथन भाषेत हा वारसा घेणाऱ्यांनी त्याला 'नन' म्हटले. उणे एक हा कसा झाला तरी अंक आहे, त्याची चुकून बेरीज होऊ शकते. 'काहीच नाही'ची बेरीज होत नाही. मला व्यक्तिशः ही पद्धत सर्वांत प्रामाणिक वाटते, आणि आमची लेबले छापायला मी तिच्याच एका वंशजाचा उपयोग केला होता.

हे सगळे चौकोन रचणाऱ्यांचे झाले. वाचणाऱ्याला तिसरी अवस्था लागत नाही, त्याच्यासमोर छापलेला कागद असतो. म्हणून झेडएक्सिंगच्या वाचणाऱ्या भागात वेगळेच पान आहे, 'बिटमॅट्रिक्स'. तिथे एका घराला एकच बिट. बत्तीस घरे एका अंकात कोंबलेली. १७७ घरांचा चौकोन अवघ्या ४,२४८ बाइटांत बसतो. पण प्रत्येक ओळ नव्या अंकापासूनच सुरू होते. १७७ घरांना सहा अंक लागतात, त्यांत १९२ जागा, म्हणजे दर ओळीला १५ जागा वाया. इतकी काटकसर करणाऱ्यांनी ही उधळपट्टी का केली? कारणही समासातच आहे. एक अख्खी ओळ झटकन उचलता यावी म्हणून. ही उचललेली ओळ ज्या साच्यात जाते, त्याच साच्यात पट्ट्यांचे जुने बारकोडही वाचले जातात. म्हणजे चौकोनाची स्मृती आडव्या ओळींत कापली गेली, त्यामागे वुडलँडची वाळूतली बोटे आहेत. आणखी एक गंमत. त्या अंकात डावीकडचे घर सर्वांत कमी किमतीच्या बिटात बसते. अंक आपण नेहमी लिहितो तसा लिहून काढला, की चित्र उजवीकडून डावीकडे उलटे दिसते. शिशाचे खिळे असेच असतात. तरुणपणी मी उलटे वाचण्यात पटाईत होतो.

आणि तरीही पहिल्या तीनशे लेबलांत मी उलट्यानेच मार खाल्ला. माझ्या हाताखालची लायब्ररी घर विचारताना आधी ओळ आणि मग रकाना अशा क्रमाने घेत होती. झेडएक्सिंगमध्ये आधी रकाना, मग ओळ असते, आणि हा क्रम नेहमी असाच राहील अशी ताकीद तिथे पानाच्या माथ्यावर लिहिलेली आहे. मी एकीचे वाचून दुसरीसाठी लिहिले. चौकोन कर्णावर पालथा पडला. डोळ्यांना संशय येण्याचे कारणच नव्हते, कारण तीन डोळे कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखेच आहेत, पालथा घातला तरी ते जागच्या जागी दिसतात. फोनने तो वाचला. असे चौकोन येतात हे अनुभवाने ठाऊक झाल्यामुळे झेडएक्सिंगमध्येही पहिला प्रयत्न फसला तर ओळी-रकान्यांची अदलाबदल करून दुसऱ्यांदा वाचून पाहण्याची सोय आहे. जुन्या स्कॅनरला हा शहाणपणा नव्हता. फोनच्या सहनशीलतेने माझी चूक झाकली आणि मी तीनशे पुस्तके चिकटवून बसलो. आता मी सगळ्यात आधी ते कायम काळे असलेले एकुलते घर डाव्या खालच्या डोळ्याशेजारी आहे की नाही, ते भिंगाने पाहतो.

दुरुस्तीच्या बेरजांबद्दल थोडेच सांगतो. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० साली मांडलेल्या गणितावर त्या उभ्या आहेत. २५६ अंकांचे एक बंदिस्त जग, ज्यात गुणाकार केला तरी उत्तर त्याच जगात राहते. लायब्ररीत हा गुणाकार कसा करतात हे पाहून मला आनंद झाला. दोन कोष्टके आधीच भरून ठेवायची, गुणायचे दोन अंक पहिल्यात पाहायचे, बेरीज करायची, उत्तर दुसऱ्यात पाहायचे. ही तर कॉलेजातली लॉग टेबले! कॅल्क्युलेटर आल्यावर आपण ती रद्दीत घातली, आणि ती प्रत्येक फोनच्या पोटात जाऊन बसली.

मग दुसऱ्या तीनशे लेबलांचा मंत्र. इथे चौकोनातली घरे बरोबर होती, त्यांचा अर्थ हरवला होता.

क्यूआरमध्ये मजकूर भरायच्या मुख्य पद्धती चार. नुसते अंक असतील तर तीन अंकांना १० बिट, कारण हजार जोडण्या १,०२४ मध्ये मावतात. अंक आणि मोठी रोमन अक्षरे असतील तर ४५ चिन्हांचा संच, दोन चिन्हांना ११ बिट. जपानी कांजी असतील तर एका चिन्हाला १३ बिट. या तिन्हींत न बसणाऱ्या सगळ्यांसाठी चौथी, बाइटची पद्धत. कारखान्याच्या चिठ्ठीवर जपानी नावे लागत, म्हणून त्या लिपीला घरातच खोली मिळाली. यात हारांचा दोष मुळीच नाही, त्यांनी आपल्या कामगारांसाठी घर बांधले. बाकी जगाच्या लिप्या ओसरीवर.

ओसरीवरची व्यवस्थाही बदलत गेली. बाइट कोणत्या लिपीतले समजायचे? २००० सालच्या मानकात उत्तर होते जपानी आठ-बिटी संच. २००५ च्या आवृत्तीत ते पश्चिम युरोपीय रोमन झाले. आपला मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे असे सांगायचे तर सुरुवातीला एक सूचना घालावी लागते, तिचा क्रमांक २६. माझ्या प्रोग्रामने ती घातलीच नव्हती. ती नसेल तर वाचणारा अंदाज बांधतो. झेडएक्सिंगमध्ये यासाठी खास पान आहे. बाइटांची चाल पाहून हा यूटीएफ-८ असेल, की जपानी, की रोमन, याचा ती तर्क करते. माझ्या फोनने बरोबर तर्क केला. स्कॅनरने तर्क केला नाही, नियमाप्रमाणे रोमन समजून मोकळा झाला. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पहिला नेहमी तोच, दुसराही दोहोंपैकी एक. पहिल्याचे रोमन रूप म्हणजे तिरक्या रेघेचा 'ए', दुसऱ्याचे बहुतेक वेळा ते किरणांचे वर्तुळ. म्हणून तो मंत्र दर तीन अक्षरांनी पुन्हा 'ए'वर येत होता. आपल्या लिपीचा तो पत्ताच होता, फक्त घरातले कोणी दार उघडत नव्हते.

तीन बाइटांचा भार किती, ते एका नावावर मोजून पाहिले. 'ज्ञानेश्वरी' या शब्दात ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र, वेलांटी अशी अकरा चिन्हे आहेत, म्हणजे ३३ बाइट. सर्वांत लहान चौकोनात, दुरुस्तीची सोय कमीत कमी ठेवली तरी, १७ बाइट मावतात. त्याच चौकोनात कांजी दहा मावतात. त्याच्या पुढचा, २५ × २५ घरांचा, ३२ बाइट घेतो. एक बाइट कमी पडला! नाइलाजाने २९ × २९ चा घ्यावा लागला. १९९१ च्या भारतीय 'इस्की' मानकात हेच नाव ११ बाइटांत बसते आणि सर्वांत लहान चौकोनात आरामात मावते. पण समोरच्या स्कॅनरला इस्की कोण शिकवणार? सर्वांत मोठ्या चौकोनात १,८१७ कांजी मावतात, देवनागरीची चिन्हे ९८४.

यावर आपल्याकडे निघालेली एक वाट मला फार हुशारीची वाटते. आधार कार्डावरच्या नव्या, सुरक्षित क्यूआरमध्ये नाव, पत्ता, छोटा फोटो आणि आधार प्राधिकरणाची डिजिटल सही असते. पण तो कोणत्याही साध्या स्कॅनरने वाचा, पडद्यावर येते ती अंकांची लांबच लांब रांग. सगळी माहिती आधी आवळून बाइटांत बसवलेली, आणि त्या बाइटांचा मिळून एक अवाढव्य दशमान अंक केलेला. अंकांबाबत कोणत्याही वाचकयंत्राचा गोंधळ होत नाही. शून्य ते नऊ सगळीकडे सारखेच. आणि तीन अंकांना १० बिट या हिशेबात जागाही जवळजवळ वाया जात नाही.

मीही शेवटी अंकांनाच शरण गेलो. तिसऱ्या लेबलात फक्त पुस्तकाचा दाखल क्रमांक. तरी त्यात एक ठेच लागलीच. दाखल नोंदवही मराठीत, म्हणून मी क्रमांक सवयीने देवनागरी आकड्यांत टाइप केले. चौकोन अचानक मोठे व्हायला लागले. देवनागरी ४ हा क्यूआरच्या लेखी अंक नव्हेच. तो ओसरीवरचा, तीन बाइटांचा. चार आकडी क्रमांकाला १४ बिटांऐवजी ९६ लागत होते. आकडे रोमन केल्यावर सर्वांत लहान चौकोन पुरला, तोही दुरुस्तीची सर्वांत जास्त सोय ठेवून. ताईंनी पहिले पुस्तक स्कॅनरखाली धरले, टिंग वाजले, वहीतले नाव पडद्यावर आले. "झालं की हो भाऊ," त्या म्हणाल्या. झाले होतेच. नाव संगणकातल्या यादीत होते, पुस्तकावरच्या चौकोनात नव्हते. हा फरक ताईंना सांगून काय उपयोग, म्हणून गप्प बसलो.

वरचे लेबल काही पुस्तकांवरून सुटू लागले आहे. मागच्या उन्हाळ्यात आठवीतल्या एका मुलाने खालचे दुसरे लेबल बापाच्या फोनने वाचले आणि धावत आला, "काका, यात पुस्तकाचं नाव लिहिलंय!" त्याच्या फोनने बरोबर तर्क केला होता. त्याला मी चौकटीची वही दाखवली. तीत २९ × २९ चा चौकोन आखलेला आहे आणि त्यात 'ज्ञानेश्वरी' भरायचे काम चालू आहे. या वेळी सूचना क्रमांक २६ घालून, दुरुस्तीच्या बेरजा लॉग कोष्टकाने हाताने करून. डोळे शाईने काढले आहेत, बाकीचे पेन्सिलीने. तो मुलगा रविवारी येतो आणि मी सांगेन ती घरे रंगवतो. एखादे घर पांढरे सोडायचे असले, तर त्यात आम्ही बारीक टिंब देतो, म्हणजे ते राहून गेलेले नाही हे कळते. शंभरेक घरे अजून टिंबाविना आहेत.